रापणीचा पाय आणि न शिवणारा शिंपी

आमच्या बाबांनी कपडे शिवणं कधी सोडलं नाही, सोडलं ते फक्त ‘मी शिवतो’ असं म्हणणं. मालवणच्या दक्षिणेला समुद्राला अगदी खेटून आमची वाडी, आणि वाडीत शिंपी एकच, तो म्हणजे बाबा. एका पावसाळ्यात आमच्या देवळात एक स्वामी चातुर्मासाला उतरले. त्यांची कफनी खांद्यावर उसवली होती म्हणून गुरवाने बाबांना बोलावणं धाडलं. घटकाभराचं काम, पण सुईदोरा घेऊन गेलेले बाबा परतले ते दिवेलागणीला, आणि येताना ब्रह्म घेऊन आले. झालं असं, की बाबांनी सवयीने ‘मी दुहेरी टाका घातलाय, आता बघायला नको’ म्हटलं आणि स्वामींनी विचारलं, मी म्हणजे कोण? हात का? मग झोपेत हातही तिथेच असतो, सुईही तिथेच असते, तेव्हा एक टाका पडत नाही तो का? आणि झोपेत ज्याचा पत्ता नव्हता तो सकाळी उठून ‘मी केलं’ म्हणत कामावर हक्क सांगायला येतो कुठून? चातुर्मासभर ते रोज देवळात जाऊन उत्तर शोधत राहिले. स्वामी निघून गेले तेव्हा बाबा पक्के अकर्ते झाले होते, आणि आम्ही सगळे त्यांच्या अकर्तेपणात अडकलो होतो.

आमचं घर लहान. पुढे पडवी, पडवीत मशीन, मागे माजघर, त्यामागे चूल. दिवसभर तीन आवाज एकमेकांत मिसळलेले असत: बाबांच्या मशीनची खडखड, आईच्या पाट्यावरच्या वाटपाची घसघस आणि या दोघांनाही न जुमानणारी समुद्राची गाज. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि निखाऱ्यावर भाजलेलं सुकट, दुपारी तिरफळं घातलेलं बांगड्याचं झणझणीत कालवण, म्हणजे तिखलं. आईच्या तिखल्याचा वास असा, की वारा दक्षिणेकडे वाहत असला तर तिकडे गोव्यातली माणसं पानावर बसत. याच पडवीत बसून बाबा आल्यागेल्याला वेदान्त समजावत. पाय पायट्याला हलवतो, पायटा पट्ट्याला, पट्टा चाकाला, चाक सुईला, आणि सुई सगळ्यांच्या पुढे नाचते म्हणून लोक म्हणतात सुईने शिवलं. मग तुम्ही काय करता, असं कोणी विचारलं की बाबा हसत. “मी? मी नुसतो थंय बसान आसंय. बघतंय.”

हे ऐकायला छान, पण गिऱ्हाईकाला बाही दोन्हीकडे सारखी हवी असते. आमच्या टपालवाल्याच्या शर्टाची डावी बाही वीतभर लांब झाली तेव्हा तो भांडायला आला. बाबांनी त्याला चहा पाजला आणि शांतपणे सांगितलं, की बाही जशी व्हायची तशी झाली, तू तुझ्या हाताला आखूड का समजतोस ते बघ. तो बिचारा महिनाभर डाव्या हाताला तेल लावून ओढत होता. कौलं फुटली तर बाबा खाली पाटी ठेवून पाण्याकडे बघत बसत. कोणाशी काय बोलायचं, किती द्यायचं-घ्यायचं, कोणाला हो म्हणायचं, हे सगळं आईच्या डोक्यावर आलं. एकदा विहिरीवर, साऱ्या बायका ऐकतील अशा आवाजात ती म्हणाली, “माझो घो काय एक करीत नाय. मगे ही चार पोरां काय वाऱ्यान माझ्या ओटीत टाकली?” बाबांनी ते पडवीतून ऐकलं. वाऱ्याचं काय सांगता येतं, अशा चेहऱ्याने त्यांनी पुढचा टाका घातला.

त्या चार पोरांतला थोरला मी, दत्तू. सतरा वर्षांचा होतो, शाळा आटोपली होती आणि बाबांच्या हाताखाली काजं-बटणं करत होतो. तशात एके सकाळी आमची एक कोंबडी वेडावली आणि थेट समुद्राकडे धावत सुटली. तिच्यामागे मी. किनाऱ्यावर नेमकी रापण टाकायची तयारी चालली होती. रापण म्हणजे भलं मोठं जाळं. ते होडीतून समुद्रात गोल फिरवून टाकतात, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर ठेवतात आणि मग सगळी वाडी दोन रांगा करून ते ओढते. जे सापडेल त्याचे वाटे. तेव्हा कित्येक आठवडे जाळ्यात शेवाळ आणि जुने जोडे याखेरीज काही येत नव्हतं. मी कोंबडीच्या नादात दोर ओलांडून पाण्यात उजवा पाय टाकला, कोंबडी पकडली आणि घरी आलो. त्या दिवशी जे बांगडे आले ते मोजायला शाळेच्या गुरुजींना बोलवावं लागलं आणि गुरुजींना पाढे कमी पडले. खाऊन खाऊन कावळ्यांना उडता येईना, ते वाळूतून चालत झाडापर्यंत गेले. रापणीचा प्रमुख भिवा तांडेल, त्याचा आवाज असा की हाक मारली तर वेंगुर्ल्याच्या होड्या मागे वळाव्यात, तो संध्याकाळी आमच्या पडवीत आला आणि माझ्या पायाकडे बघत उभा राहिला. काहींचं मत कोंबडीकडे झुकत होतं. पण ती दुपारीच रश्शात गेली असल्यामुळे उमेदवार मी एकटाच उरलो.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत माणूस बोलवायला हजर. मी जाऊन पाण्यात पाय बुडवला आणि मासळी आली. तिसऱ्या दिवशीही आली. झालं, माझा पाय वाडीचा झाला. नवी सून घरात येते तेव्हा तिचा पायगुण बघतात तो जन्मात एकदा, माझा रोज सकाळी बघू लागले. मला कोणी दत्तू म्हणेना, ‘पाय इलो, पाय इलो’ अशी हाकाटी होई. तांडेलाची बायको माझ्या उजव्या पायासाठी खोबरेल धाडायची, डाव्याचं नावही नाही. मला हुतूतू खेळायला बंदी, माडावर चढायला बंदी, शेजारच्या गावच्या जत्रेला जायला बंदी, कारण पाय तिकडच्या पाण्यात पडला तर मासळी तिकडे वळायची. आणि खोटं कशाला सांगू, सुरुवातीला मला ते फार आवडलं. मी नजर वर ठेवून चालू लागलो. आईने कालवणात माझ्या वाटचा बांगडा लहान वाढला तर माझ्या मनात यायचं, हा समुद्रातून आणला कोणी?

पण जो आणतो तोच न आणण्यालाही जबाबदार, हे मला जाळं पहिल्यांदा रिकामं आलं तेव्हा कळलं. सगळी रांग दोर टाकून माझ्याकडे बघू लागली. काल काय खाल्लंस, कोणाच्या अंगणात गेला होतास, पाय धुऊन आलास की न धुता. एका म्हातारीने तर मी वाटेत तिच्या सुनेकडे बघितल्याचं सांगितलं, आणि त्या दिवशीच्या रिकाम्या जाळ्याचं खापर त्या बघण्यावर फुटलं. (बघितलं होतं, पण तेवढ्याने मासे लाजावेत इतकं नाही.) मला ताप आला तर चौघे जण खाटेसकट उचलून न्यायचे आणि माझा पाय लोणचं बरणीत कालवावं तसा पाण्यात ढवळून परत आणून टाकायचे. वाडीतली प्रत्येक चूल पेटली की माझ्यामुळे आणि विझली की माझ्यामुळे. घरी यावं तर पडवीत बाबा, ज्यांच्या लेखी कोणीच काही करत नाही. बाहेर मी सगळ्याचा कर्ता आणि आत बाप कशाचाच नाही, या दोन भिंतींमध्ये माझा पार चेंदा झाला.

अशात मुंबईहून माझ्या मामाचा निरोप आला. तो गोदीतल्या एका कारखान्यात कामाला होता आणि त्याने साहेबाला सांगून माझ्यासाठी उमेदवारीची जागा धरून ठेवली होती. दिवाळीच्या आत आलास तर ठीक, नाहीतर ती दुसऱ्याला जाईल. मामाने मागच्या सुट्टीत लेथ नावाच्या यंत्राचं वर्णन केलं होतं, लोखंडाची साल कशी केळ्यासारखी सुटते ते, आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. जायचं तर आगबोटीने. पण आगबोट किनाऱ्याला लागत नसे. ती बाहेर उभी राही आणि माणसांना होडीतून नेऊन तिच्यावर चढवत. होड्या कोणाच्या? भिवा तांडेलाच्या भाऊबंदांच्या. मी विचारलं तर एकजात सगळे आकाशाकडे बघून म्हणाले, आज वारा बरा नाही. पान हलत नव्हतं. मग मी एसटीने कोल्हापूरमार्गे पळायचं ठरवलं. मालवणात गाडीत बसलोही, पण कंडक्टर आमच्याच वाडीचा जावई निघाला. त्याने मोठ्या प्रेमाने मला उतरवून घेतलं, चहा-भजी खाऊ घातली आणि बैलगाडीत बसवून घरी पोचतं केलं. वाटेत गाडीवान माझा पाय गवतावर नीट टेकलाय ना ते सारखा वळून बघत होता. तुरुंगात निदान शिव्या तरी देतात, इथे गुळपोळी देत होते.

एकच वाट उरली. घरच्या कर्त्या पुरुषाने पंचांसमोर उभं राहून ‘माझा मुलगा मी मुंबईला धाडतो’ म्हटलं असतं तर तांडेलाला ते मोडता आलं नसतं, बापाच्या शब्दाला तेवढा मान होता. पण आमच्या घरचा कर्ता पुरुष अकर्ता. मी मशीनपाशी जाऊन बसलो आणि म्हणालो, बाबा, तुम्ही एक शब्द टाका. बाबांनी मशीन थांबवलं, माझ्याकडे मायेने बघितलं आणि म्हणाले, “धाडणारो मी कोण, बाबा? जाणारो आसात तर जातलो. अडवणारो भिवाय न्हय, सोडवणारो मीय न्हय.” मी म्हटलं, पण माझी जागा जाईल. तर ते म्हणाले, जागा कुठे जात नाही, जागा तिथेच असते. आई आतून आली, तिने हातातला नारळ बाबांच्या पुढ्यात पायरीवर आपटून फोडला आणि परत गेली. तिचं नारळ फोडणं ज्यांनी पाहिलंय त्यांनाच त्यातली धास्ती कळेल. मी तिला पंचांसमोर उभं राहायला सांगितलं होतं, पण बायकांचा शब्द तिथे धरत नसत. आज हे लिहिताना वाटतं, की बाबा तेव्हा ढोंग करत नव्हते, तेच वाईट होतं. ढोंग असतं तर ते उघडं पाडता आलं असतं.

शेवटी आईने भिवाच्या बायकोला गाठलं, दोघींनी काय ठरवलं कोण जाणे, आणि भिवा कबूल झाला की देवालाच विचारू, कौल लावू. आगबोट कौलाच्याच दिवशी संध्याकाळी मालवण बंदरात येणार होती, दिवाळीआधीची शेवटची. आमच्याकडे कौल लावतात म्हणजे देवाच्या पाषाणाला, दोन्ही खांद्यांवर, ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सारी वाडी सभामंडपात जमली. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, बा देवा महाराजा, ह्या लेकरान मुंबैक जावचा की हयच रवाचा तो तुझो कौल दी रे महाराजा, आणि सगळ्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हटलं. मीही म्हटलं. भिवाचं ‘व्हय’ सगळ्यात मोठं होतं. मग सगळे बसले आणि पाकळ्यांकडे बघू लागले.

पाकळ्या पडेनात. एकही पडेना. दुपारचं जेवण टळलं, देवळाच्या फरशीवरून ऊन सरकत खांबापर्यंत गेलं, पोरं रडून झोपली, गुरवाच्या पोटातून गाऱ्हाण्यापेक्षा मोठे आवाज येऊ लागले. मी उजव्या पाकळीकडे इतका वेळ एकटक बघत होतो की ती मला घराएवढी दिसू लागली. तिची कड किंचित सुकून वळली होती, आता पडेल, आता पडेल. जन्मात तेवढा अडकलेला मी पुन्हा कधी नव्हतो. पुढे लिफ्टमध्ये अडकलो, लग्नात अडकलो, पण देवाच्या खांद्यावरच्या पाकळीत अडकण्याची सर त्याला नाही. बाबा खांबाला टेकून डोळे मिटून साक्षीभावात बसले होते. बाहेरून आगबोट गाठायला मालवणकडे निघालेल्या लोकांच्या बैलगाड्या ऐकू येऊ लागल्या. मी सरकत बाबांपाशी गेलो.

“बाबा, माका सोडवा.”

“बांधल्यान कोणी तुका?” त्यांनी डोळे न उघडता विचारलं, स्वामींनी विचारावं तसं.

“तुमी,” मी म्हणालो. “भिवा तांडेलान माझो पाय धरल्यान. आख्खो माका तुमी धरलास.”

बाबांनी डोळे उघडले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि ते बघणं साक्षीचं नव्हतं, बापाचं होतं. मग ते उठले, गळ्यातली मापाची टेप सारखी केली आणि सगळ्यांच्या देखत, जिथे गुरवाखेरीज कोणी पाऊल टाकत नाही तो गाभाऱ्याचा उंबरठा ओलांडून आत गेले. शिवून झालेला सदरा घालून बघणाऱ्या गिऱ्हाइकाच्या खांद्यावरचा दोरा शिंपी झटकतो ना, तर्जनीच्या एका टिचकीने, अगदी तशी त्यांनी देवाच्या उजव्या खांद्यावरची पाकळी झटकली.

पाकळी फरशीवर पडल्याचा मला आवाज आला, आणि हे मी वाढवून सांगत नाही. भिवा उठून उभा राहिला. त्याचा तो होड्या वळवणारा आवाज कुठे गेला कोण जाणे, त्याने हळू विचारलं, “शिंप्या, ह्या कोणी केलान?”

“मी,” बाबा म्हणाले. “मी केलंय. देवान न्हय, वाऱ्यान न्हय. माझ्या ह्या हातान. झील माझो आसा, मी धाडतंय तेका.”

“मासळी नाय इली तर?”

“ता माझ्यार घाल.”

मग जो गलका झाला त्यात कोणी बाबांना वाळीत टाकायचं म्हणालं, कोणी पुन्हा कौल लावायचं. पण गुरव सकाळपासून उपाशी होता आणि पुन्हा कौल म्हणजे पुन्हा बसणं. त्याने पाकळी उचलून सगळ्यांना दाखवली. “पाडणारो कोण ता तुमी बघून घेवा,” तो म्हणाला, “पडलो तो कौल उजवो.” आणि वर असंही विचारलं, की सगळं देवच करतो म्हणता, मग शिंप्याचं बोट तेवढं त्यातून वगळायचं कसं? भिवा मंडपाबाहेर पडून किनाऱ्याकडे चालू लागला. त्यानेच मला होडीत घातलं, आणि आगबोटीच्या शिडीपर्यंत वल्हं त्यानेच मारलं. मी चढताना माझ्या उजव्या पायाकडे त्याने असं बघितलं, जसं सासरी जाणाऱ्या मुलीकडे बघतात.

जागा मिळाली. लेथही मिळालं, लोखंडाची साल खरंच केळ्यासारखी सुटत होती. पण माझं मन त्यात नव्हतं. रोज सकाळी उठलो की वाटायचं, आता तिकडे जाळं रिकामं येत असेल. वाडीची मला दया यायची, आणि त्या दयेत एक फार गोड चव होती. मग शिमग्याच्या सुमारास वाडीचा एक जण सुके बोंबील घेऊन मामाच्या खोलीवर आला. मी सहज विचारावं तसं विचारलं, मासळीचं काय? तो म्हणाला, अरे, काय सांगू, तू गेलास त्याच्या दुसऱ्याच सकाळी तुझे बाबा आपणहून किनाऱ्यावर येऊन पाण्यात उभे राहिले, जाळं रिकामं आलं तर शिव्या खायला समोर असावं म्हणून. आणि त्या दिवशी जी तारली मासळी आली, तुझ्या बांगड्यांना त्याच्यापुढे कोणी विचारलं नसतं. तेव्हापासून त्यांना सोडलेलं नाही. रोज पहाटे मशीनवरून उठवून नेतात. मी ऐकून घेतलं, बोंबलांची स्तुती केली, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. माझ्याशिवाय मासे आले होते. ते येऊ शकतात हे मला त्यांनी आधी सांगायला हवं होतं.

मे महिन्यात सुट्टी मिळताच मी घरी गेलो. बाबांना सोडवायचं, मुंबईला न्यायचं, असं ठरवूनच गेलो होतो. पहाटे किनाऱ्यावर आलो तर बाबा धोतर गुडघ्यापर्यंत खोचून पाण्याच्या कडेला उभे होते, गळ्यात मापाची टेप तशीच. दोन्ही बाजूंना माणसं दोर घेऊन अदबीने थांबलेली. मी म्हटलं, बाबा, माझ्याबरोबर चला, तुम्हाला ह्यातून मोकळं करतो. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मोकळा कोणाक करतलंस?” ते हळू म्हणाले. “पाय आसा, पाणी आसा, मासे आसत. ह्येच्यात मी खंय आसंय?” त्यांचा चेहरा इतका निर्मळ होता, की स्वामी स्वतः तिथे असते तर त्यांनी वाकून नमस्कार केला असता. मीच वाकलो.

मी खाली वाकलेला असताना पलीकडच्या टोकाला दोघा पोरांनी घाईघाईत होडी पाण्यात ढकलली आणि जाळं सोडायला सुरुवात केली. माझ्या डोक्यावरून एक गर्जना गेली. भिवाची असेल म्हणून मी वर बघितलं, तर भिवा मान खाली घालून उभा होता.

“कोण रे तो मेलो,” बाबा ओरडत होते, “माझो पाय लागायच्या आदी जाळा सोडणारो?”

होडी मुकाट्याने परत आली.